ॲक्टर नंतर, आधी त्याचे मेसेज: नंदुरबारच्या मिरची लिलावातून मेसेज टाइप शिकताना

नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीचा हंगाम सुरू झाला की एकाच वेळी बरंच काही चाललेलं असतं. एका वाहनापाशी बोली चालू असते, दुसरं भुईकाट्यावर उभं असतं, तिसऱ्याची हिशोबपट्टी लिहिली जात असते, आणि फाटकातून नवी आवक येतच असते. या कामाचं सॉफ्टवेअर करायला घेतलं, तर पहिली अडचण इथेच येते. समजा, चालू भाव ४२०० रुपये क्विंटल आहे. दोन व्यापाऱ्यांच्या मोबाइलवरून त्याच क्षणी बोली आली, एकाची ४२५० आणि दुसऱ्याची ४३००. दोन थ्रेडनी, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांनी, एकदमच ४२०० वाचले आणि दोघांनीही आपापला आकडा लिहिला. ४३०० आधी लिहिले गेले असतील, तर त्यावर ४२५० चढले आणि शेतकऱ्याचे क्विंटलमागे पन्नास रुपये गेले. प्रोग्रामने कुठेही चूक दाखवली नाही.

यावर लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच माहितीला हात लावू देणारं कुलूप, हा एक उपाय आहे. ॲक्टर हा दुसरा. ॲक्टर म्हणजे स्वतःची माहिती स्वतःपाशी ठेवणारा प्रोग्रामचा एक तुकडा. बाहेरच्या कुणालाही त्या माहितीला हात लावता येत नाही, फक्त मेसेज पाठवता येतो. आलेले मेसेज त्याच्या मेलबॉक्समध्ये रांगेत राहतात आणि तो ते एकेक करून हाताळतो. दोन बोली एकदम आल्या तरी त्या एकामागून एकच पाहिल्या जातात. ही कल्पना कार्ल हेविट, पीटर बिशप आणि रिचर्ड स्टायगर यांनी १९७३ साली मांडली. पुढे १९८६ च्या सुमारास एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी अर्लांग भाषेचं काम सुरू झालं. हजारो हलक्या प्रोसेस एकमेकींना मेसेज पाठवतात हाच तिचा पाया. आज स्काला आणि जावामध्ये अका आणि पेको या लायब्ररी, एलिक्झर, रस्ट, स्विफ्ट, ग्लीम अशा कितीतरी ठिकाणी ही पद्धत भेटते.

जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबारच्या कॉलेजांतली मुलं ॲक्टर शिकतात तेव्हा सुरुवात बहुतेक ॲक्टरपासून होते: क्लास कसा लिहायचा, तो सुरू कसा करायचा. माझं ठाम मत आहे की सुरुवात मेसेजपासून करावी. ॲक्टरच्या आतलं कोड तुम्ही पुढे दहा वेळा बदलाल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. मेसेज बदलला की मात्र तो पाठवणारे सगळे मोडतात. म्हणून मेसेजचे टाइप, म्हणजे मेसेज कोणत्या प्रकारचे आणि त्यांत काय काय असणार हे, आधी, आणि तेही असे की चुकीचा मेसेज लिहिताच येऊ नये.

खालचे नमुने कुठल्याही एका भाषेतले नाहीत. फक्त मांडणी मराठीत दिली आहे. तुम्ही जी भाषा वापरता तिच्यात ते उतरवून घ्या. आमचं उदाहरण शिकण्यापुरतं सोपं केलेलं आहे. प्रत्यक्ष यार्डातले नियम याहून बारीक असतात.

पायरी १. कोणती माहिती कुणाची, ते ठरवा

कागदावर तीन नावं लिहा: लिलाव, काटा, हिशोब. एका वाहनातल्या मालासाठी एक लिलाव ॲक्टर. चालू भाव आणि सर्वांत वरचा बोलीदार त्याच्याकडे. भरलेलं आणि रिकामं वजन काट्याकडे. भाव गुणिले वजन, हमाली, तोलाई, पट्टी हे हिशोबाकडे. एकच माहिती दोघांकडे दिसली तर थांबा आणि एकाकडून काढा. एवढं झालं की पुढे चला, इथे जास्त वेळ घालवण्यासारखं काही नाही.

पायरी २. मेसेज आधी बोलीभाषेत लिहा

कीबोर्डला हात लावण्याआधी यार्डातली माणसं जे बोलतात ते वाक्य म्हणून लिहा. «या मालाला माझे ४२५०.» «सध्या कितीवर आहे?» «बास, लिलाव बंद करा.» «गाडीचं भरलेलं वजन झालं, इतके किलो.»

या वाक्यांत तीन जाती दिसतात. पहिली आज्ञा: काहीतरी कर म्हणून सांगणं, जे समोरचा नाकारू शकतो. बोली कमी असेल तर लिलाव ती घेणार नाही. दुसरी प्रश्न: काही बदलत नाही, फक्त उत्तर हवं असतं. तिसरी घटना: जे होऊन गेलं ते कळवणं. वजन झालं ते झालं, हिशोब ॲक्टर त्याला «नको» म्हणू शकत नाही.

नावांतून ही जात दिसली पाहिजे. आज्ञेला `बोली_लावा`, प्रश्नाला `सद्यस्थिती_सांगा`, घटनेला `वजन_नोंदलं`. `बोली`, `वजन`, `अपडेट`, `डेटा` अशी मोघम नावं टाळा. `वजन` नावाचा मेसेज पाहून वजन करायचं आहे की झालं आहे हे सहा महिन्यांनी तुम्हालाच सांगता येणार नाही. `प्रक्रिया_करा` हे तर सगळ्यांत वाईट, कारण त्यात कोणतंही काम मावतं.

आज्ञा म्हणून लिहिलेली गोष्ट खरं तर घटना आहे का, हेही तपासून पाहा. काट्याने हिशोबाला `पट्टी_तयार_कर` असं सांगायचं, की फक्त `वजन_नोंदलं` असं कळवायचं? मी दुसरं निवडतो. पट्टी कधी करायची हे हिशोबाचं काम आहे. उद्या वजनाची बातमी आवक मोजणाऱ्या ॲक्टरलाही हवी झाली, तर काट्याच्या कोडमध्ये काही बदलावं लागणार नाही.

पायरी ३. एका ॲक्टरचे सगळे मेसेज एका बंद टाइपमध्ये ठेवा

```
टाइप लिलावाचा_मेसेज =
    बोली_लावा(बोली_क्रमांक, व्यापारी, भाव, उत्तर_कुठे)
  | सद्यस्थिती_सांगा(उत्तर_कुठे)
  | लिलाव_बंद_करा(उत्तर_कुठे)
```

उभी रेघ म्हणजे «किंवा». लिलावाकडे येणारा मेसेज या तिघांपैकीच एक असणार, चौथा नाही. टाइप बंद असण्याचा फायदा असा की कंपायलर, म्हणजे कोड चालवण्याआधी तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम, तुमच्या बाजूने पहारा देतो. उद्या `शेतकऱ्याने_नाकारलं` हा चौथा मेसेज घातला आणि तो हाताळायला विसरलात, तर जिथे जिथे राहिलं त्या प्रत्येक ओळीवर कंपायलर बोट ठेवतो.

भाषेगणिक साधन वेगळं. रस्टमध्ये इनम. स्कालात सील्ड ट्रेट आणि केस क्लास. कोटलिनमध्ये सील्ड क्लास. जावात २०२१ च्या जावा १७ पासून सील्ड इंटरफेस आले, आणि २०२३ च्या जावा २१ मध्ये स्विचला त्यांची पूर्ण तपासणी करता येऊ लागली. पायथनमध्ये फ्रोझन डेटाक्लास, त्यांचं युनियन आणि ३.१० पासूनचं मॅच अशी जोडी जमते. पण चालू असताना पायथन स्वतः काही तपासत नाही, त्यासाठी मायपाय किंवा पायराइट हे टाइप तपासणारे प्रोग्राम चालवण्याची सवय लावावी लागते.

अकाची गोष्ट यात बोलकी आहे. त्याच्या जुन्या रूपात ॲक्टरला कोणतीही वस्तू पाठवता येई, टाइपची अट नव्हती. २०१९ च्या २.६ आवृत्तीत टाइप असलेले ॲक्टर पक्के झाले: ॲक्टरच्या पत्त्यावरच तो कोणते मेसेज घेतो हे लिहिलेलं असतं, आणि भलता मेसेज कंपाइलच होत नाही. (नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: २०२२ मध्ये अकाचा परवाना बदलला आणि त्याच कोडवरून अपाची पेको वेगळं निघालं. या लेखातल्या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच लागू आहेत.)

अर्लांग आणि एलिक्झरमध्ये मेसेज म्हणजे सहसा टपल (क्रमाने मांडलेल्या किमतींचा गठ्ठा), आणि त्याच्या सुरुवातीला ओळख सांगणारा ॲटम, म्हणजे नुसतं एक नाव. तिथे बंद टाइपचा पहारा नसतो. मेसेज उचलणाऱ्या साध्या रिसीव्हमध्ये ज्या मेसेजशी काहीच जुळत नाही तो मेलबॉक्समध्ये तसाच पडून राहतो. असे मेसेज साचत गेले की मेमरी भरते आणि प्रत्येक नव्या रिसीव्हला तो ढीग चाळत बसावं लागतं. म्हणून तिथे प्रत्येक मेसेजसाठी एकेक फंक्शन द्या आणि बाहेरच्यांना थेट मेसेज पाठवू न देता ते फंक्शन वापरायला लावा. तुमचा मेसेज टाइप म्हणजे त्या मॉड्यूलची फंक्शनं, असं समजून काम करा.

पायरी ४. मेसेजच्या आत काय ठेवायचं

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे सावकाश जाऊया.

*एकक टाइपमध्येच असू द्या.* समजा, माल १२३७ किलो भरला आणि भाव ४२५० रुपये क्विंटल. १२.३७ क्विंटल गुणिले ४२५० म्हणजे ५२,५७२ रुपये ५० पैसे. आता काट्याने क्विंटल समजून १२.३७ हा नुसता दशांश आकडा पाठवला आणि हिशोबाने तो किलो समजून शंभराने भागला, तर पट्टीवर ५२५ रुपये ७२ पैसे छापून येतील. दोन्हीकडचं कोड आपापल्या जागी बरोबर आहे. चूक मधल्या मेसेजमध्ये आहे. म्हणून `किलो`, `पैसे`, `क्विंटलमागे_पैसे` असे छोटे टाइप करा. किलोच्या जागी क्विंटल पाठवायला गेलं की कंपायलरने अडवलं पाहिजे.

पैसे पूर्णांकात, पैशांमध्ये ठेवा. दशांशाच्या साध्या टाइपमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, हे बहुतेक भाषांत करून पाहता येतं. दिवसभराच्या पट्ट्यांची बेरीज अडत्याच्या वहीशी जुळली नाही, तर तुमच्या सॉफ्टवेअरवरचा विश्वास त्याच संध्याकाळी उडतो.

ओळखींचंही तसंच. `व्यापारी_क्रमांक` आणि `शेतकरी_क्रमांक` हे दोन्ही नुसते आकडे ठेवले, तर एक दिवस त्यांची अदलाबदल होणार. वेगळे टाइप केले की होणार नाही.

*मोकळ्या जागा सोडू नका.* नवखे लोक असा मेसेज लिहितात:

```
वजन(भरलेलं: असेल किंवा नसेल, रिकामं: असेल किंवा नसेल)
```

यातून चार शक्यता निघतात, आणि त्यांतली एक तर दोन्ही रिकाम्या असण्याची, जिला अर्थच नाही. तरीही ती हाताळायला कुठेतरी कोड लिहावं लागतं. त्याऐवजी:

```
टाइप काट्याचा_मेसेज =
    भरलेलं_वजन_नोंदवा(वाहन, किलो, उत्तर_कुठे)
  | रिकामं_वजन_नोंदवा(वाहन, किलो, उत्तर_कुठे)
```

हेच `खरं/खोटं` ध्वजांनाही लागू. लिलाव संपला हे सांगायला `विकला: खरं` असा ध्वज आणि सोबत `व्यापारी` व `भाव` ठेवले, तर `विकला: खोटं` असताना त्या दोन जागांत काय भरायचं? कुणी शून्य भरतं, कुणी रिकामी अक्षरं, आणि तो शून्य भाव कधीतरी सरासरीत शिरतो. निकाल तीन प्रकारचा असतो, तर टाइपही तीन तोंडांचा करा:

```
टाइप लिलावाचा_निकाल =
    सौदा_झाला(व्यापारी, क्विंटलमागे_पैसे)
  | शेतकऱ्याने_नाकारलं
  | बोलीच_आली_नाही
```

आता भाव फक्त सौदा झाला असेल तिथेच सापडतो.

*पाठवल्यावर बदलता येणार नाही असं द्या.* ॲक्टरचं सगळं वचन माहिती वाटून न घेण्यावर उभं आहे. मेसेजमध्ये बदलता येणारी यादी घातली आणि पाठवल्यावर तिच्यात भर टाकत राहिलात, तर दोन्ही ॲक्टर तीच यादी एकदम हाताळतात आणि सुरुवातीचा दोन थ्रेडचा गोंधळ मागच्या दाराने परत येतो. अर्लांगमध्ये ही भीती नाही, तिथे माहिती बदलताच येत नाही आणि मेसेज सहसा कॉपी होऊन जातो. रस्टमध्ये मालकीच पलीकडे जाते, आणि थ्रेडपार नेण्याजोगं नसेल ते कंपायलर जाऊ देत नाही. स्विफ्टमध्ये हेच काम टाइपवरची सेंडेबल ही खूण करते. जावा आणि पायथनमध्ये जबाबदारी तुमची. तिथे एक बारीक खड्डा आहे: जावाचं रेकॉर्ड किंवा पायथनचा फ्रोझन डेटाक्लास फक्त बाहेरची पेटी गोठवतो, आतली यादी बदलता येतेच. जावात न बदलणारी प्रत काढून द्या, पायथनमध्ये यादीऐवजी टपल द्या.

डेटाबेसचं कनेक्शन, उघडी फाइल, स्क्रीनवरचं बटण असल्या वस्तू मेसेजमध्ये घालू नका. त्यांचा मालक एकच ॲक्टर असू द्या.

*त्या क्षणीची किंमत पाठवा.* रावेर, यावलकडे केळीचा भाव रोज जाहीर होतो. कापणी झाली त्या दिवशीच्या भावाने पट्टी करायची असेल आणि मेसेजमध्ये फक्त `केळी_भाव_तक्ता` या जागेचा पत्ता गेला, तर हिशोब ॲक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेसेज उघडेल आणि नवा भाव लावेल. मेसेजमध्ये भाव आणि त्या भावाची तारीख, दोन्ही आकडे लिहून पाठवा. मेसेज मेलबॉक्समध्ये किती वेळ थांबेल याची खात्री कुणी देत नाही.

पायरी ५. उत्तर कुठे द्यायचं ते मेसेजमध्येच लिहा

वरच्या नमुन्यांत `उत्तर_कुठे` वारंवार आलं आहे. साध्या फंक्शनला हाक मारली की उत्तर त्याच ठिकाणी परत येतं. मेसेज पाठवला की पाठवणारा पुढे निघून जातो. त्यामुळे उत्तर हवं असेल तर पत्ता सोबत द्यावा लागतो, आणि त्या पत्त्यालाही टाइप असतो:

```
टाइप बोलीचं_उत्तर =
    बोली_मान्य(बोली_क्रमांक, भाव)
  | बोली_नामंजूर(बोली_क्रमांक, कारण)

टाइप कारण =
    भाव_कमी(सध्याचा_भाव)
  | लिलाव_संपला
  | व्यापारी_नोंदलेला_नाही
```

नकार हा अपघात नाही, तो रोजचा व्यवहार आहे. म्हणून तो एक्सेप्शन (चालू काम मध्येच तोडणारी चूक) फेकून कळवू नका. एक्सेप्शन लिलाव ॲक्टरच्या आतच फुटेल आणि बोली लावणाऱ्याला काहीच कळणार नाही. नकाराचं कारण साध्या वाक्यात, म्हणजे «बोली कमी आहे» अशा अक्षरांत देऊ नका, तोही टाइप असू द्या. `भाव_कमी` सोबत सध्याचा भाव गेल्यामुळे मोबाइलवर लगेच «चालू भाव ४३००» दाखवता येतं, पुन्हा प्रश्न विचारावा लागत नाही. आणि उद्या तेच ॲप अहिराणीत दाखवायचं ठरलं, तर फक्त स्क्रीनवरची वाक्यं बदलतात, मेसेज तसेच राहतात.

रस्टमध्ये उत्तरासाठी टोकियो या लायब्ररीचा वनशॉट चॅनेल वापरतात. त्याचा पाठवणारा भाग एकदाच वापरता येतो, त्यामुळे दोनदा उत्तर देणं कंपाइलच होत नाही. न देताच तो टाकून दिला, तर वाट पाहणाऱ्याला चूक कळते. अर्लांगमध्ये प्रत्येक मागणीसोबत एक अनन्य रेफरन्स पाठवतात आणि उत्तरात तोच परत येतो, म्हणजे कोणतं उत्तर कोणत्या प्रश्नाचं हे कळतं. आपल्या `बोली_क्रमांका`चं एक काम तेच.

उत्तराची वाट पाहताना दोन गोष्टी सांभाळा. लिलाव काट्याच्या उत्तरासाठी थांबला आणि काटा लिलावाच्या उत्तरासाठी, तर दोघंही अडकतात. एलिक्झरच्या जेनसर्व्हर या तयार ॲक्टर-साच्यात कॉलची, म्हणजे उत्तराची वाट पाहणाऱ्या मेसेजची, मुदत मुळात ५००० मिलिसेकंद असते, म्हणजे पाच सेकंदांनी वाट पाहणारा प्रोसेस कोसळतो आणि खरं कारण शोधायला दिवस जातो. ॲक्टरने ॲक्टरला विचारताना थांबून राहू नये. मेसेज पाठवावा, पुढच्या कामाला लागावं, उत्तर आलं की ते दुसरा मेसेज म्हणून हाताळावं.

दुसरी गोष्ट: मुदत संपली म्हणजे काम झालं नाही असा अर्थ काढू नका. बोली मान्य झाली असेल आणि फक्त उत्तर उशिरा येत असेल. याचा परिणाम सातव्या पायरीत दिसेल.

पायरी ६. ॲक्टरचे स्वतःशीच असलेले मेसेज वेगळे ठेवा

समजा नियम असा आहे की शेवटच्या बोलीनंतर तीस सेकंद कुणी बोललं नाही तर लिलाव बंद. त्यासाठी लिलाव ॲक्टर स्वतःलाच तीस सेकंदांनी एक मेसेज पाठवतो. तो मेसेज बाहेरच्या यादीत ठेवला, तर कोणताही व्यापारी `मुदत_संपली` पाठवून आपल्या बोलीवर लिलाव बंद करू शकेल. म्हणून असे मेसेज खासगी टाइपमध्ये ठेवा. ॲक्टर आतून दोन्ही घेतो, बाहेरच्याला दिलेल्या पत्त्यावर मात्र फक्त सार्वजनिक मेसेजचा टाइप असतो.

```
खासगी टाइप लिलावाचा_आतला_मेसेज =
    मुदत_संपली(फेरी)
  | व्यापाऱ्याची_माहिती_आली(व्यापारी, नोंद)
```

`फेरी` हा आकडा तिथे उगाच नाही. २९ व्या सेकंदाला नवी बोली आली, तुम्ही जुना टायमर रद्द केला, पण त्याच क्षणी तो वाजून त्याचा मेसेज रांगेत शिरलेला होता. फेरी नसेल तर तो जुना मेसेज नव्या बोलीनंतर लगेच लिलाव बंद करेल. फेरी असेल तर ॲक्टर पाहतो: मेसेजमध्ये ७ आहे, चालू फेरी ८, सोडून द्या. काही लायब्ररी हे स्वतः सांभाळतात, तरी तुमच्या लायब्ररीचं एकदा तपासून घ्या.

डेटाबेसमधून किंवा नेटवरून काही मागवलं असेल तर त्याचं उत्तरही असंच खासगी मेसेज म्हणून स्वतःकडे आणा. दुसऱ्या थ्रेडवर चालणाऱ्या कॉलबॅकमधून (काम संपल्यावर हाक मारल्या जाणाऱ्या फंक्शनमधून) ॲक्टरची माहिती थेट बदलू नका.

पायरी ७. मेसेज हरवेल, दोनदा येईल, असं धरून टाइप करा

अका आणि अर्लांग दोन्हीकडे एका पाठवणाऱ्याकडून एका घेणाऱ्याकडे जाणाऱ्या मेसेजचा क्रम टिकतो. दोन वेगळ्या पाठवणाऱ्यांच्या मेसेजमध्ये कोण आधी पोचेल याची हमी नाही. काट्याचं `वजन_नोंदलं` लिलावाच्या `सौदा_झाला` च्या आधी येईल की नंतर, हे हिशोब ॲक्टरने गृहीत धरू नये. दोन्हींत वाहनाचा क्रमांक ठेवा आणि दोन्ही आले की पट्टी करा. शिवाय मेसेज पोचेलच अशी हमी मुळात नसते. अकाचं वचन «जास्तीत जास्त एकदा» एवढंच आहे.

तेव्हा मोबाइलला रेंज गेली आणि उत्तर आलं नाही, तर बोली पुन्हा पाठवावी लागणार. इथे मेसेजचं रूप फार महत्त्वाचं ठरतं. `भाव_वाढवा(५०)` असा मेसेज असेल आणि तो दोनदा पोचला, तर व्यापाऱ्याची बोली ४२०० वरून ४३०० वर गेली, आणि त्याने तर ४२५० च म्हटलं होतं. `बोली_लावा(४२५०)` असेल तर दोनदा पोचूनही भाव ४२५० च राहतो. शक्य असेल तिथे फरक पाठवू नका, शेवटचा आकडा पाठवा.

तरी एक प्रश्न उरतो. दुसऱ्यांदा आलेल्या ४२५० ला लिलाव `भाव_कमी(४२५०)` असं उत्तर देईल, आणि सर्वांत वर असलेल्याच व्यापाऱ्याला वाटेल की आपली बोली गेली. तो घाबरून ४३०० लावेल, म्हणजे स्वतःविरुद्धच चढेल. `बोली_क्रमांका`चं दुसरं काम हे: लिलाव ॲक्टर पाहिलेले क्रमांक आणि त्यांची उत्तरं लक्षात ठेवतो, आणि तोच क्रमांक परत आला की आधीचंच `बोली_मान्य` पुन्हा देतो. हा क्रमांक मोबाइलवर तयार झाला पाहिजे, आणि पुन्हा पाठवताना बदलता कामा नये.

पायरी ८. मेसेज यंत्राबाहेर जाणार असेल तर

एकाच यंत्रात असेपर्यंत टाइप बदलणं सोपं. काट्यावरचा संगणक आणि कार्यालयातला सर्व्हर वेगवेगळे झाले की एकाकडे जुनी आवृत्ती आणि दुसऱ्याकडे नवी असे दिवस येणारच. मग मेसेजमध्ये नवी जागा, म्हणजे फील्ड, जोडताना ती भरलेली नसेल तर कोणती किंमत धरायची ते ठरवून द्या आणि जुन्या जागेचा अर्थ बदलू नका. मेसेज यंत्राबाहेर पाठवण्यासाठी प्रोटोबफ ही मांडणी वापरत असाल तर काढून टाकलेल्या फील्डचा आकडा परत वापरू नका, तो राखीव म्हणून नोंदवा. जावाचं जुनं सिरियलायझेशन (वस्तू बाइटांत उतरवण्याची सोय) टाळा, अकाने २.६ पासून ते मुळातच बंद ठेवलं आहे. उत्तराचा पत्ता तारेवरून पाठवायचा असेल तर तुमची लायब्ररी तो अक्षरांत कसा उतरवते ते आधी वाचून घ्या. रस्टचा वनशॉट यंत्राबाहेर जात नाही.

पायरी ९. ॲक्टर न लिहिता टाइप तपासा

मेसेज तयार झाले की एक साधं फंक्शन लिहा: जुनी स्थिती आणि एक मेसेज घ्या, नवी स्थिती आणि पाठवायची उत्तरं परत द्या. यात थ्रेड नाही, मेलबॉक्स नाही. याला मेसेजच्या याद्या द्या: बोली, बोली, जुन्या फेरीची मुदत, तीच बोली परत, बंद. क्रम उलटसुलट करून द्या. एखादा क्रम काय करावा हे तुम्हाला ठरवताच येत नसेल, तर दोष सहसा टाइपमध्ये असतो, तिथे परत जा. हे फंक्शन नीट चाललं की त्याभोवती ॲक्टर गुंडाळायला तासभर पुरतो.

आता सरावासाठी केळी घ्या. व्यापाऱ्याचा माणूस बागेत जाऊन माल पाहतो, कापणीचा दिवस ठरतो, घड कापले जातात, वजन होतं, ट्रक भरतो, त्या दिवशीच्या भावाने पट्टी होते. बाग, ट्रक आणि हिशोब असे तीन ॲक्टर धरा आणि फक्त मेसेजचे टाइप लिहा, आतलं एकही फंक्शन नको. लिहून झाल्यावर हे प्रश्न त्यांना विचारा: ठरल्या दिवशी पाऊस आला आणि कापणी पुढे गेली, तर भाव कोणत्या तारखेचा हे कोणत्या मेसेजमध्ये दिसतं? एका ट्रकमध्ये दोन शेतकऱ्यांचा माल भरला, तर वजनाचा मेसेज कुणाच्या नावावर जातो? वजनाची तीच नोंद दोनदा आली, तर हिशोबाला ते कशावरून कळतं? एखाद्या प्रश्नाचं उत्तर टाइपमध्ये बोट ठेवून दाखवता आलं नाही, तर तो टाइप पुन्हा लिहा.